पेठेतला वाडा, डेक्कनचा बंगला : हे विकत घेतं तरी कोण?

नदीपलीकडचा

पुण्याच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींत अधूनमधून एक ओळ दिसतेच : ‘सदाशिव पेठेत जुना वाडा विकणे, मोक्याची जागा.’ किंमत कोटींत. आत भाडेकरू, छपरावर ताडपत्री, गाडी लावायला जागा नाही. तिकडे प्रभात रोडच्या जुन्या बंगल्याचा आकडा तर विचारायचीच सोय नाही. एवढा पैसा असलेला माणूस बाणेरला नवाकोरा फ्लॅट घेऊन मोकळा होईल. मग हे घेतो कोण, आणि घेतो म्हणजे नक्की काय घेतो? आठवणी, गणपती आणि दारावरच्या पाट्या यांच्यावर धागे रग्गड आहेत. इथे व्यवहाराचं लिहा.

तळखडा

वाडा बाहेरचा माणूस क्वचित घेतो. घेणारा बहुतेक वेळा आधीच त्या वाड्यात किंवा त्याच्या भिंतीला भिंत लावून असतो. बाहेरच्याला जी अडचण वाटते ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते, म्हणून त्याला तो भाव परवडतो.

सगळ्यात जास्त वेळा घेणारा म्हणजे भाऊबंदांपैकीच एक. बाकीच्यांनी विनामोबदला हक्कसोडपत्र दिलं तर मुद्रांक नाममात्र लागतो. पैसे घेऊन हक्क सोडला तर तो दस्त खरेदीखताच्या मापाने मोजतात. पुष्कळ घरांत पैसे वेगळे पोचतात आणि कागदावर ‘प्रेमापोटी’ लिहिलं जातं. पुढे एखाद्या बहिणीने पैसे मिळालेच नाहीत म्हटलं की प्रेमापोटीचा पुरावा शोधत बसावं लागतं.

त्यानंतर दर्शनी भागातला दुकानदार भाडेकरू. लक्ष्मी रोड, रविवार पेठ, बुधवार पेठ इथे हे कायम होतं. त्याचा माल आधीच आत, वरच्या खोल्या गोदाम म्हणून हव्या असतात आणि मालकाला त्याला वाड्याबाहेर काढता येत नाही. दुसरं गिऱ्हाईक येतच नाही, म्हणून भाव त्याच्या हातात.

मग शेजारी. एकट्या वाड्याचं तोंड वीस-पंचवीस फूट आणि खोली शंभर फूट असली की त्यावर धड इमारत बसत नाही. दोन सिटी सर्व्हे नंबरांचं एकत्रीकरण केलं की रस्त्याकडचं तोंड रुंद होतं, जिना-लिफ्ट एकच लागते, गाड्या वळतात. त्यामुळे शेजाऱ्याने दिलेला भाव बाहेरच्याला वेडेपणा वाटतो, पण त्याच्या हिशेबात तो बरोबर असतो.

बिल्डर चौथा, पण तो बहुधा विकत घेतच नाही. विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो, मालकाला थोडी रोकड आणि बाकी सदनिका देतो. सदाशिव, नारायण, नवी पेठेत याशिवाय अभ्यासिका आणि क्लासवाले आहेत. ते मात्र एखादा मजला किंवा पोटमाळ्यासकट गाळा घेतात, सगळा वाडा नव्हे.

वाडा वाडा म्हणून राहायला घेणारा शेवटी येतो. असे असतात, पण फार थोडे.

कोथरूडकर_२

परदेशातले मराठी लोक हौसेने घेतात असं ऐकलंय. त्यांना एवढा पैसा म्हणजे काहीच नाही.

लघुवाद

उलटं आहे. या व्यवहारांत परदेशातला माणूस घेणारा कमी, विकणारा जास्त. तीन भावांपैकी एक न्यू जर्सीत, एक बंगळुरात आणि सही सगळ्यांची हवी. तिकडच्या कुलमुखत्यारपत्राला वकिलातीची साक्ष किंवा अपोस्टिल (तिकडच्या सरकारचं प्रमाणन) लागतं, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत लोक हमखास चुकवतात.

दुसरी खोच टीडीएसची. विकणारा निवासी असेल तर ५० लाख किंवा वरच्या व्यवहाराला १ टक्का कापायचा, हे सगळ्यांना पाठ आहे. अनिवासी असेल तर तो नियम लागूच नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. वारसाहक्काच्या जुन्या वाड्याला २००१ चं बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं, तरी नफा मोठाच निघतो. विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आधी आणलं नाही तर भांडण ठरलेलं. आणि कापायचा राहिला तर खातं घेणाऱ्याला धरतं. पाच भावंडांत एकच अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यापुरता हा नियम, बाकीच्यांना १ टक्का.

मोडी_वाचक

वाचनखूण साठवली. भाडेकरूंवर कोणीतरी लिहा, खरं दुखणं तिथे आहे.

लघुवाद

लिहितो. वाड्याची किंमत चौरस फुटावर ठरते त्याहून जास्त तो किती रिकामा आहे यावर ठरते.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. भाडं दर वर्षी ४ टक्के वाढवता येतं, पण मूळ भाडंच साठ-सत्तर रुपये असेल तर त्याच्या ४ टक्क्यांत घंटागाडीवाल्याचा चहाही होत नाही. भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो. जागा खाली करून घ्यायची कारणं कलम १६ मध्ये आहेत : स्वतःची निकड, पाडून नवीन बांधणं, पोटभाडेकरू ठेवणं वगैरे. प्रत्येक कारण लघुवाद न्यायालयात सिद्ध करावं लागतं, मग अपील, मग उच्च न्यायालय. धंद्याच्या हिशेबात हा काळ दशकात धरायचा.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे ‘वाडा पडू दे, भाडेकरू आपोआप जातील’. जात नाहीत. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. भिंती जातात, हक्क जागेवर उरतो. वर महापालिकेची कलम २६४ ची धोकादायक इमारतीची नोटीस आली आणि कोणी जखमी झालं तर जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात.

म्हणून वाडा घेण्याआधी तीन याद्या एकमेकींवर ठेवून बघायच्या : मालकाच्या भाडेपावत्यांची, महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावरच्या भोगवटादारांची आणि वीजमीटरवरच्या नावांची. तिन्ही कधी जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे पोटभाडेकरू, मयताचे वारस किंवा मालकाने तोंडी दिलेली खोली निघते. प्रत्येक खोलीचं मोजमाप नकाशावर घेऊन त्यावर भाडेकरूची सही घ्यायची. पुढे ‘माझा पोटमाळापण होता’ हा वाद तिथेच मिटतो.

खडूस_पेठकर

घंटागाडीवाल्याचा चहा!! मालकांनी तीस-तीस वर्षं एक कौल बदललं नाही, हेही लिहा की. दुरुस्ती भाडेकरूच करत आलाय.

लघुवाद

मान्य, आणि तेही कागदावर असतं. आवश्यक दुरुस्ती मालकाने केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो आणि कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. अशा नोटिसांची फाईल भाडेकरूकडे मागा, मालक ती दाखवणार नाही.

एफएसआय_दीड

आकड्यांत मांडतो म्हणजे बाहेरचा का येत नाही ते कळेल.

समजा वाड्याचा प्लॉट ३,००० चौरस फूट, समोरचा रस्ता वीस फुटी. दाट वस्तीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) दीड धरा : ४,५०० फूट. सहा भाडेकरू, प्रत्येकी ३५० फूट, म्हणजे २,१०० फूट त्यांना परत द्यायचे. मालकाच्या दोन भावांना मिळून १,२०० दिले तर बिल्डरच्या हातात विकायला उरले १,२००. त्या बाराशे फुटांच्या विक्रीतून साडेचार हजार फुटांचं बांधकाम, सहा जणांचं दोन-तीन वर्षांचं बाहेरचं भाडं, महापालिकेची शुल्कं आणि स्वतःचा नफा. बसत नाही. पुनर्वसनाचा वाढीव एफएसआय मिळाला तर कसंबसं बसतं.

आता तोच प्लॉट ९ मीटर रस्त्यावर ठेवा. मूळ एफएसआय दोन : ६,००० फूट. देणं तेवढंच, विकायला उरले २,७००, शिवाय टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकामहक्क) आणि प्रीमियमची (पैसे भरून मिळणाऱ्या जादा एफएसआयची) वाट मोकळी. जागा तीच, भाडेकरू तेच, रस्ता दहा फुटांनी रुंद, आणि विक्रीचं क्षेत्र दुपटीच्या वर. म्हणून पेठेत दलाल पहिल्यांदा पत्ता विचारत नाही, बोळ किती फुटी ते विचारतो.

रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जात असेल तर पुढचे काही फूट जातील. त्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरने मिळतो, पण तळमजल्याचं दुकान मागे सरकतं. ज्याचं दुकान पुढे आहे तोच भाडेकरू मग सही अडवतो.

चुनेवाला

पाडायचंच ठरलं असेल तर पुढचं वाचू नका. राहायला घेणार असाल तर इमारत अशी बघायची.

पेठेतल्या वाड्याचा भार लाकडी सांगाड्यावर असतो : दगडी जोतं, त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), सागवानी खांब, तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या) आणि मातीचा थर. भिंती विटांच्या आणि मातीच्या, वर चुना. खांब सहसा धडधाकट असतो. जातं ते तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक, कारण तिथे हवा लागत नाही आणि बाहेरून पाणी येतं. जाड टोच्या घेऊन भिंतीला लागून वीतभर जागा दाबून बघा. चांगल्या सागात टोच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडतो. लोण्यात सुरी जावी तसा गेला तर आत भुसा आहे. शंका असेल तिथे ६ मिमीचं भोक पाडून भुशाचा रंग बघायचा : सोनेरी-तपकिरी आणि कोरडा असेल तर ठीक, काळपट ओलसर असेल तर तुळई गेली.

आधी बघायच्या जागा ठरलेल्या : दोन छपरं मिळतात त्या पन्हळीखाली, वरच्या मजल्यावर नंतर काढलेल्या नहाणीखाली आणि पावसाचा मारा बसतो त्या पश्चिमेच्या भिंतीत. कडीपाटावर बाथरूम काढणं हा वाड्यांचा सगळ्यात मोठा रोग. फरशीखाली माती असते, ती पाणी धरून ठेवते आणि खालच्या माणसाला ठिबकेपर्यंत कडीची पाठ कुजून गेलेली असते.

दुसरा रोग सिमेंटचा गिलावा. मातीच्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. ती वर चढते आणि तुळईच्या टोकाशी जमते. बाहेरून भिंत नवी दिसते हीच धोक्याची खूण समजा. असा गिलावा पूर्ण खरवडून चुन्याचा करावा लागतो. चुना भिजवून मुरायला निदान काही आठवडे द्यावे लागतात, आणि घाईतला ठेकेदार त्यात गुपचूप सिमेंट मिसळतो. माल कालवताना तिथे उभं राहावं.

कुजलेलं टोक कापून नवा साग सांध्याने जोडता येतो, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती हवेला बोटभर जागा ठेवायची. सिमेंटने लिंपून टाकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरं, चौकाचं पाणी. जुनी दगडी मोरी शेजारच्या वाड्याखालून जायची. शेजारी इमारत झाली, मोरी बुजली, आता पाणी जोत्यात मुरतं. तळखडे एका बाजूला बसलेत का ते पाण्याच्या नळीने बघा. डोळ्यांना दहा-पंधरा मिमीचा फरक दिसत नाही, दरवाजे घासायला लागतात तेव्हा कळतो.

मोडी_वाचक

अवांतर : पाडताना निघणारा साग घनफुटाने विकला जातो, आणि कोरीव खांब, महिरपी, गणेशपट्टी वेगळ्या भावाने. विकसन करारात ‘जुनं सामान बिल्डरचं’ अशी एक ओळ घुसवलेली असते. मालक ती वाचत नाहीत.

सातबारा_नको

कागदांकडे येऊ. पेठेत सातबारा नसतो, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक असतं. ते ऑनलाईन मिळतं, पण तेवढ्यावर थांबू नका. नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही आणि जुना नकाशा काढा. त्यात बोळ कोणाचा, भिंत सामाईक की एकाची, आड कोणाच्या हद्दीत, हे लिहिलेलं सापडतं. मागचा वाडा पुढच्या वाड्याच्या दिंडीतून जात असेल आणि वहिवाटीचा हक्क कुठेच नोंदलेला नसेल, तर तुम्ही कोटी देऊन बेट विकत घेताय.

सत्ताप्रकाराचा रकाना वाचा. देवस्थानाचं किंवा ट्रस्टचं नाव निघालं तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. चौकातलं देऊळ खाजगी की सार्वजनिक, हा प्रश्न विकायच्या वेळीच उपटतो.

वारसांची यादी शपथपत्रावर घ्या, मुलींसकट. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्माने सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार) आहे, आणि बाप २००५ ला हयात असायची गरज नाही हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. एकाच भावाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. राहत्या घरात त्रयस्थाला त्या हिश्श्यावर एकत्र ताबा मागता येत नाही, वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात बाकीचे भाऊ तुमचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेऊ शकतात. या धंद्यातले काही जण मुद्दाम असा हिस्सा घेऊन घरच्यांना जेरीस आणतात. पेठेत अशा माणसाला लोक ओळखून असतात.

मुद्रांक ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १, एकूण ७. निवासी मिळकत फक्त स्त्रीच्या नावावर घेतली तर १ टक्का सवलत. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. भाडेकरू असलेल्या मिळकतीचं मूल्यांकन वेगळ्या नियमाने, रिकामीपेक्षा कमी होतं, पण त्यासाठी भाडेपावत्या आणि करआकारणीचा उतारा जोडावा लागतो.

नदीपलीकडचा

शनिवारवाड्याजवळचे वाडे बाकीच्यांपेक्षा स्वस्त वाटतात. ते का?

एफएसआय_दीड

पुरातत्त्व खात्यामुळे. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद, फक्त परवानगीने दुरुस्ती. पुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रित, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. अंतर दारापासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात. कसबा, शनिवार, बुधवार पेठेचे तुकडे यात येतात. पहिल्या १०० मीटरमधला वाडा पुनर्विकासासाठी घेणारा एक तर अजाण, नाहीतर नियम कधीतरी सैल होतील यावर पैसे लावून बसलेला.

त्यात नदीकडेला निळी आणि लाल पूररेषा. शिवाय १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे पुष्कळ वाडे गेले, त्यामुळे तिथे ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखवलेलं बांधकाम साठच्या दशकातलं असू शकतं. विटेचं माप घेतलं तरी कळतं : जुनी वीट पातळ आणि रुंद.

महापालिकेच्या वारसा यादीतल्या वाड्यांचं वेगळं. श्रेणीप्रमाणे बदलावर बंधनं आणि वापरता न आलेल्या बांधकामाबद्दल टीडीआर. हा टीडीआर विकून दुरुस्तीचा खर्च काढणं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात टीडीआरचा भाव बाजारावर हलतो आणि प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पावसाळे जातात.

भांबुर्डेकर

बंगल्यांचा बाजार अगदी निराळा, एकाच मापाने मोजू नका. प्रभात रोड, भांडारकर रोड, एरंडवण्यात भाडेकरू सहसा नसतो, रस्ता रुंद, प्लॉट चौकोनी. तिथे घेणारा सरळ जमीन घेतो, बंगला पाडण्याच्या खर्चात जमा. घेणारे म्हणजे बिल्डर, दवाखाना काढणारे डॉक्टर आणि मोठ्या धंद्यातली कुटुंबं. ही शेवटची पाडून स्वतःसाठीच चार मजले बांधतात. कॅफेवाले विकत घेत नाहीत, लिव्ह अँड लायसन्सवर घेतात. वारसांचं एकमत होईपर्यंत बंगला पडून राहणार असतो, तेवढं भाडं मिळालं तर मिळालं.

कागदांत इथे सिटी सर्व्हे नंबराबरोबर नगररचना योजनेचा अंतिम भूखंड क्रमांक बघा. दोन्हीकडचं क्षेत्र जुळत नसेल तर मोजणी करून घ्या. बऱ्याच भूखंडांवर सहकारी गृहरचना संस्था आहे : जमीन संस्थेची, सभासदाकडे भाडेपट्टा. तिथे भागपत्र, संस्थेचं ना-हरकत पत्र आणि भाडेपट्ट्याची उरलेली मुदत हे तिन्ही हवं.

पाच हजार फुटांचा प्लॉट म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प रेरात नोंदवायची सक्ती नाही. अशा इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याने करार दोनदा वाचावा.

कोथरूडकर_२

आणि कॅम्पातले बंगले? ते तर केवढे मोठे आणि त्या मानाने स्वस्त.

सातबारा_नको

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत ‘ओल्ड ग्रँट’ असेल तर जमीन संरक्षण खात्याची, तुम्ही घेता ते वरचं बांधकाम. सरकार जमीन परत मागू शकतं. जनरल लँड रजिस्टरचा (कॅन्टोन्मेंटच्या जमिनींच्या नोंदवहीचा) उतारा काढल्याशिवाय इसार देऊ नका. स्वस्ताईचं कारण त्याच उताऱ्यात लिहिलेलं असतं.

नदीपलीकडचा

शेवटचं विचारतो. सगळं जमलं असं धरू, पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे?

लघुवाद

इसार नावापुरता, लेखी पावतीवर, ‘टायटल निर्वेध निघालं नाही तर परत’ अशा अटीने. मग वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध आणि दोन पेपरांत जाहीर नोटीस, एक मराठी हवाच. हरकत आली नाही तर नोंदणीकृत साठेखत. मुद्रांक तिथेच पूर्ण भरला तर खरेदीखताच्या वेळी वजा होतो.

मोठा हप्ता भाडेकरूंशी बांधा. प्रत्येक भाडेकरूकडून भाडेहक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, त्यावर मालक, भाडेकरू आणि घेणारा तिघांच्या सह्या, त्याच दिवशी ताबा आणि त्याच दिवशी त्या खोलीपुरते पैसे. नोटरीवर काम भागवू नका. मयत भाडेकरूच्या बाबतीत सगळ्या वारसांच्या सह्या. एकाने ‘मी बघतो सगळ्यांचं’ म्हटलं तरी. खोली रिकामी झाली की वीजमीटर बंद करण्याचा अर्ज आणि मिळकतकराच्या नोंदीतून नाव कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात.

आणि दस्तात खोलीबरोबर पोटमाळा, जिन्याखालची जागा, चौकातला नळ आणि सामाईक संडास यांवरचा हक्क सोडल्याचंही लिहून घ्या. खोली सोडलेला माणूस जिन्याखालच्या पेटीवरून दावा लावतो.